बिनचूक

रविवारी सकाळी हिंजवडीचा रस्ता मोकळा असतो, एवढ्या एकाच कारणासाठी तिने रविवार निवडला होता. तिचे घर जुन्या गावठाणात आणि माझे एका गृहसंकुलाच्या सातव्या मजल्यावर. मधले अंतर फार तर दीड किलोमीटर. पण आठवड्यातल्या कोणत्याही संध्याकाळी शिवाजी चौक ओलांडायचा म्हणजे एखादे दीर्घ काव्य मनातल्या मनात म्हणून व्हावे इतका वेळ जातो. ती आली, स्कूटरवरून उतरली, आणि नेहमीप्रमाणे दारातच म्हणाली, "मॅडम, फक्त अर्धा तास."

ती माझी जुनी विद्यार्थिनी. मराठी घेऊन एम. ए. झाली, मग वृत्तपत्रविद्येकडे वळली, आणि आता पीएच. डी.चे चौथे वर्ष चालू आहे. प्रबंधाचा विषय लांबलचक आहे. थोडक्यात सांगायचे तर पत्रकारितेत आणि शिक्षणात शिरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्या आजोबांची जमीन औद्योगिक विकास महामंडळाने आयटी पार्कासाठी घेतली. ज्या वावरात आजोबा भात लावत, तिथे आज काचेची इमारत आहे आणि त्या इमारतीत याच कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी मुले बसतात. त्यांतली दोघे तिच्या वडिलांनी बांधलेल्या खोल्यांमध्ये भाड्याने राहतात. ही गोष्ट ती कुठलाही अलंकार न लावता सांगते. मी एकदा यावर काही भावपूर्ण बोलायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, भात परवडत नव्हता हो." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

या विषयावर तिला पहिला टोला संशोधन सल्लागार समितीत बसला. पत्रकारिता घ्या किंवा शिक्षण घ्या, दोन्ही डगरींवर हात कशाला, असे एका सदस्यांनी विचारले. दुसऱ्या सदस्यांचा प्रश्न असा, की यात मराठीचा संबंध काय. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली होती. मी तिला बाळशास्त्री जांभेकरांकडे पाठवले. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू झाले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन शेजारशेजारच्या स्तंभांत. आणि ते काढणारा विशीतला तरुण पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाला, शालेय पुस्तके लिहिली, शाळा तपासल्या. आगरकरांचेही तेच. 'केसरी'चे पहिले संपादक, नंतर 'सुधारक'चे, आणि अखेरची वर्षे फर्ग्युसनचे प्राचार्य. आपल्याकडे वृत्तपत्र आणि वर्ग ही दोन खाती कधी वेगळी नव्हतीच. एकाच माणसाच्या दोन हातांची ती कामे होती. छापखाना आला तेव्हा त्याने दोन्ही एकदमच बदलली. मग आज दोन्ही एकदम बदलत असतील तर त्यांचा एकत्र अभ्यास का करू नये? शिवाय 'सकाळ' काढणारे नानासाहेब परुळेकर कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर होते, हेही मी तिला सांगून ठेवले. समितीत अशा गोष्टींचा उपयोग होतो. झालाही.

तिच्या प्रबंधाचा पत्रकारितेचा भाग मी प्रकरणागणिक वाचला आहे. 'विदा' हा शब्द ती कटाक्षाने वापरते आणि मी कटाक्षाने खोडते. 'आकडेवारी' किंवा 'माहिती' म्हणून भागत असेल तर संस्कृतातून नवा पाहुणा कशाला, हे माझे म्हणणे. भागत नाही, हे तिचे. असो. त्या प्रकरणांतून मला कितीतरी गोष्टी प्रथमच कळल्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४ सालीच कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी १७ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये भूकंपाचा धक्का बसला, आणि तिथल्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या एका आज्ञावलीने भूगर्भ सर्वेक्षणाच्या नोंदीवरून तीन मिनिटांत बातमी तयार केली. माणसाने फक्त ती पाहिली आणि कळ दाबली. आपल्याकडे 'आज तक'ची यांत्रिक निवेदिका मार्च २०२३ मध्ये पडद्यावर आली आणि त्याच वर्षी ओडिया वाहिनीवरही एक साडी नेसून आली. या दोघींविषयी फार लिहिले गेले. मला त्यांच्यात रस नाही. बातमी कोण वाचते यापेक्षा ती कोण लिहिते हे महत्त्वाचे.

भूकंपाची गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली. मी लातूर जिल्ह्यातली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मी तेरा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; रात्री उशिरापर्यंत विसर्जन चालले होते आणि माणसे दमून नुकती कुठे झोपली होती. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या गावात भिंती पडल्या, माणसे वाचली. त्यानंतर कित्येक दिवस वडील गावच्या पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि माणसे उभी राहून ऐकत. मी तिला म्हणाले, की तुझे यंत्र तीन मिनिटांत क्षमता सांगेल, खोली सांगेल, केंद्रबिंदू सांगेल. पण विसर्जनाहून आलेली माणसे गुलालासकट झोपली होती हे त्याला कुठून कळणार?

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मॅडम, त्या पहाटे बाहेरच्या जगाला तीन मिनिटांत कळले असते तर तुम्हाला नको होते का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गुलालाची बातमी दुसऱ्या दिवशी आली तरी चालली असती.

त्याच आज्ञावलीची दुसरी गोष्ट मात्र तिनेच प्रामाणिकपणे प्रबंधात घातली आहे. जून २०१७ मध्ये तिने सांता बार्बराजवळ ६.८ क्षमतेचा भूकंप झाल्याची ताजी बातमी दिली. तो भूकंप १९२५ सालचा होता. जुन्या नोंदीतली जागा दुरुस्त करताना भूगर्भ सर्वेक्षणाकडून चुकून सूचना सुटली आणि यंत्राने तिच्यावर विश्वास ठेवला. त्या भागातल्या कोणत्याही वार्ताहराने खिडकीबाहेर एकदा पाहिले असते तरी पुरे होते.

मराठी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तिने केलेल्या मुलाखती या प्रबंधाचा सर्वांत सकस भाग आहेत असे माझे मत आहे. तिथे यंत्राला कुणी निवेदक म्हणून बसवलेले नाही. ते मागच्या दाराने आले आहे. रात्रपाळीचा उपसंपादक वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी त्याला देतो, मराठी उतरवून घेतो, दोन ठिकाणी हात फिरवतो आणि पानात लावतो. पूर्वी ज्या कामाला चाळीस मिनिटे लागत त्याला दहा लागतात. उरलेल्या तीस मिनिटांत त्याच्याकडे आणखी तीन बातम्या येतात. पगार तोच. तिला मुलाखती देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यंत्र वापरत असल्याचे मान्य केले, ते ध्वनिमुद्रण बंद केल्यावर. त्यामुळे तिची एक मोठी अडचण झाली आहे: जे तिला ठाऊक आहे ते प्रबंधात लिहिता येत नाही आणि जे लिहिता येते ते खरे नाही. संशोधनाचा हा पेच कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात सुटलेला मला आढळला नाही.

या बातम्यांची भाषा आम्ही दोघींनी मिळून काही संध्याकाळी तपासली. 'द्वारे' वाढले आहे. 'पोलिसांद्वारे अटक करण्यात आली' ही रचना यंत्रापूर्वीही होती, नाही असे नाही, पण आता तिचे पीक आले आहे. 'यावर प्रकाश टाकला', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावली' ही वाक्ये शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीतही येतात आणि बगाडाच्या बातमीतही. आमच्या हिंजवडीत चैत्रात म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते. एका मजकुरात त्या बगाडाला 'एक चैतन्यमय सांस्कृतिक उत्सव' म्हटलेले वाचून तिच्या आजीने विचारले, "हे कुठलं गाव?"

आता शिक्षणाकडे येते. इथून पुढचे लिहायला मला जड जाते आहे, म्हणूनच आधीचे एवढे लांबले असावे.

त्या रविवारी ती आली ती मला विचारायला नव्हे, तपासायला. मराठी शिकवणाऱ्या अध्यापकांना विद्यार्थ्याने लिहिलेला आणि यंत्राने लिहिलेला मजकूर वेगळा ओळखता येतो का, हे तिला पाहायचे होते. वीस उतारे होते, सगळे एकाच टंकात, क्रमांक घातलेले. काही तिने वेगवेगळ्या महाविद्यालयांत समोर बसून विद्यार्थ्यांकडून हाताने लिहवून घेतलेले आणि नंतर टंकलेले, काही यंत्राचे. विषय सर्वांना सारखा: 'माझे गाव'. मी चहा ठेवला आणि म्हटले, अर्धा तास कशाला, पंधरा मिनिटे पुरे. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईचा आत्मविश्वास होता तो.

वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच आले असते.

अकरा या आकड्याने मी एवढी खजील झाले नसते. कोणते चुकले, हे पाहिल्यावर झाले. एका उताऱ्यावर मी खात्रीने 'माणूस' लिहिले होते आणि समासात 'सुंदर!' असा शेराही मारला होता. त्यात आजी होती, चुलीचा धूर होता, धुराने पाणावलेले डोळे होते, 'दिवा'तला दीर्घ 'दी' आणि आणखी एक शुद्धलेखनाची चूक होती. ती खाली पाहत म्हणाली, "मॅडम, दोन चुका घाल असं मीच सांगितलं होतं त्याला." आजी आणि चूल त्याने आपणहून घातली होती. मराठीच्या बाईंना काय आवडते हे त्याला पक्के ठाऊक होते, कारण गेल्या पन्नास वर्षांत आम्हाला जे आवडले तेच छापून आले आणि तेच त्याने वाचले.

आणि चौदावा उतारा. त्यावर मी 'यंत्र' लिहिले होते, खाली दोन रेघा ओढून. एकही चूक नाही. प्रत्येक परिच्छेद 'तसेच' किंवा 'त्याचप्रमाणे'ने सुरू. 'माझे गाव हे ग्रामीण जीवनाचा आरसा आहे.' शेवटी 'अशा प्रकारे'. हा एका मुलाने वर्गात, तिच्यासमोर, पेनाने लिहिलेला होता. तिच्याकडे मूळ कागद होता. तो तिने मला दाखवला नाही; सहभागी विद्यार्थ्याची ओळख उघड करायची नाही हा तिच्या संशोधनाचा नियम. दाखवायची गरजही नव्हती. 'ग्रामीण जीवनाचा आरसा' हे शब्द मी आधी वाचले होते.

आदल्या सत्रात तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने ओवीगीतांवरचा प्रकल्प मला दिला होता. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण. प्रकल्प व्यवस्थित, बिनचूक, आणि एकाही वाक्यात तो मुलगा दिसत नव्हता. मी संशयाने तो मजकूर आंतरजालावरच्या एका फुकट तपासनीस पानावर चिकटवला. पानाने सांगितले, अठ्ठ्याहत्तर टक्के यंत्रलिखित. त्या पानाला मराठी कळते की नाही हे मी पाहिलेही नाही. वीसपैकी सहा दिले आणि लाल शाईने लिहिले: 'स्वतः लिहावे.' तो काही बोलला नाही. मी ते त्याच्या अपराधाची कबुली समजले.

तिला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने माझा संगणक स्वतःकडे ओढला, माझा एक लेख शोधला — महाविद्यालयाच्या २०११च्या वार्षिकात आलेला, मर्ढेकरांवरचा — आणि त्याच पानावर चिकटवला. तोही बहुतांशी यंत्राने लिहिलेला निघाला. चॅटजीपीटी जगात आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. मी काळाच्या बरीच पुढे होते म्हणायची.

तिने मग सांगितले ते असे. ज्या कंपनीने चॅटजीपीटी काढले तिनेच जानेवारी २०२३ मध्ये यंत्राचा मजकूर ओळखणारे एक साधन दिले होते, आणि अचूकता कमी म्हणून सहा महिन्यांत स्वतःच मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींचे ९१ निबंध त्यांनी घेतले. यंत्राने लिहिलेला त्यांत एकही नव्हता. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. कारण साधे आहे. परक्या भाषेत लिहिणारा जपून लिहितो. ठरलेले शब्द, ठरलेल्या रचना, जिथे पाय घसरणार नाही अशीच वाट. पुढचा शब्द सहज ओळखता आला की साधन म्हणते, हे यंत्राचे.

"पण आपला मुलगा मराठीच आहे," मी म्हणाले.

"आहे का?" तिने विचारले.

मी दुसऱ्या दिवशी पटावर आडनाव पाहिले. मग आठवले, हा मुलगा नांदेडकडच्या तांड्यावरचा. घरची भाषा गोरमाटी. मराठी त्याला पहिलीत भेटली. चाकणला एका कारखान्यात कंत्राटी म्हणून रात्रपाळी करतो आणि सकाळच्या तासाला मागच्या बाकावर बसतो. त्याच्या डुलक्यांवरून मी एकदोनदा बोललेही होते. 'उपरा' आणि 'उचल्या' मी पंधरा वर्षे वर्गात शिकवते आहे. शाळेत मुलाच्या बोलीचे काय होते, यावर माझी टिपणे तयार आहेत. दर वर्षी तीच काढते.

त्याला बोलावले. स्टाफरूममध्ये नको म्हणून ग्रंथालयाच्या व्हरांड्यात. मी सरळ म्हणाले, की तुझा प्रकल्प तूच लिहिला होतास, मी चुकीचे गुण दिले. त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिले. "हो मॅडम," एवढेच म्हणाला. मी विचारले, तेव्हाच का नाही बोललास? "तुम्ही लिहिलं होतं, स्वतः लिहावे. मला वाटलं अजून चांगलं लिहायला पाहिजे."

मग मला राहवले नाही. मी त्याला म्हणाले, की पुढच्या वेळी तुझ्या तांड्याचे लिही, तुझी याडी गाते ती गाणी लिही, तुझे शब्द येऊ देत, चुका झाल्या तर होऊ देत. मला वाटले मी काही तरी उदार बोलते आहे.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "चौथीत गुरुजींनी माझी वही वर्गात वाचून दाखवली होती. सगळे हसले. त्यानंतर मी गाइडमधले निबंध पाठ केले. तीन वर्षं. आता चूक होत नाही." थोडे थांबून म्हणाला, "मला बिनचूकच लिहायचं आहे. बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत."

व्हरांड्यात बसून राहिले तेव्हा लक्षात आले, की 'ग्रामीण जीवनाचा आरसा' हे त्याचे वाक्य नव्हते हे खरे. पण यंत्राचेही नव्हते. ते आमचे होते. गाइडे आम्हीच लिहिली — मीही बारावीच्या एका गाइडात तीन निबंध लिहून दिले आहेत, मानधन घेतले आहे. त्या साच्यातून उत्तर लिहिणाऱ्याला आम्ही वीसपैकी सतरा देत आलो. तोच मजकूर यंत्राने वाचला आणि तोच या मुलाने पाठ केला. दोघांची गुरू एकच. आता दोघांची भाषा सारखी दिसते म्हणून मी मुलाला पकडले. वृत्तसंस्था निदान न्यायालयात जाते आहे. आमच्या लिखाणावर यंत्र पोसले म्हणून एएनआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. गाइड लिहिणाऱ्यांनी कोणावर लावावा?

तिला हे सगळे सांगितले तेव्हा तिने वहीत काही टिपले. यंत्रांमुळे आमच्यासारख्या शिक्षकांची नजर अधू झाली, असे माझे म्हणणे होते. तिला ते पटले नाही. तिच्या मते नजर आधीपासूनच तशी होती, फक्त आत्तापर्यंत तपासणीला कोणी आले नव्हते. एवढे बोलून झाल्यावर तिला वाटले असावे की जास्त झाले. तिने चहाचे कप उचलून आत नेले आणि विसळून ठेवले, जे ती विद्यार्थिनी असतानाही कधी करत नसे.

गुण बदलण्यासाठी मी परीक्षा विभागाकडे अर्ज दिला. अंतर्गत गुण एकदा विद्यापीठाच्या प्रणालीत भरले की ते सहज उघडत नाहीत. छापील नमुना आहे. त्यात 'बदलाचे कारण' असा रकाना आहे आणि पुढे दोनच पर्याय: 'बेरजेतील चूक' आणि 'नोंदीतील चूक'. खिडकीवरच्या भाऊंनी सुचवले, की मॅडम, बेरीज म्हणा, लगेच होऊन जाईल. मी समासात हाताने लिहिले, 'मूल्यमापनातील चूक', आणि सही केली. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. असे कारण यापूर्वी कोणी दिलेले नसल्यामुळे तो समितीपुढे ठेवावा लागेल, म्हणाले. समितीची बैठक सत्र संपल्यावर. तोपर्यंत त्या मुलाच्या गुणपत्रकावर सहाच राहणार आहेत, आणि त्याला बँकेचा अर्ज त्याआधी भरायचा आहे.

प्रबंधाच्या सहाव्या प्रकरणात मी आहे. 'सहभागी क्रमांक ९, अध्यापनाचा अनुभव २० वर्षे'. माझ्याबद्दलचा परिच्छेद तिने मला मान्यतेसाठी पाठवला. वाचला. तीन ठिकाणी 'द्वारे' होते. ते काढले, बाकी काही बदलले नाही.